दुसऱ्या कुणालाही चालवता आली पाहिजे: प्रकल्प नोंदी, जून २०२५ ते जानेवारी २०२६

८ जून २०२५

लेट्स एन्क्रिप्टकडून (साइटची ओळख पटवणारं, https साठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देणारी संस्था) येणारी 'सर्टिफिकेट संपत आलंय' वाली मेल ४ जूनपासून कायमची बंद झाली. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरोबरच आहे, सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ते आपोआप रिन्यू व्हावं हाच त्यातला सगळा मुद्दा, मेल वाचून हाताने रिन्यू करत बसायचं असं कधी ठरलंच नव्हतं. पण माझ्याकडच्या साइटींना दुसरा कुठला भोंगा नव्हता म्हणून आज बसून तेवढं केलं.

साइटी म्हणजे, नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, दोन ग्रुपच्या आणि एक माझी. पहिली पुस्तकवाली: लोक आपापली पुस्तकं नोंदवतात आणि एकमेकांना वाचायला देतात, पायथन आणि एसक्यूलाइटवर (एका फाईलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) चालते. दुसरी तारेवाली: आकाशदर्शनवाल्यांची, पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) आणि मारियाडीबी (डेटाबेस), कोड माझ्या आधीच्या लोकांनी लिहिलेला, काही ठिकाणी बरा, काही ठिकाणी बघून डोळे मिटावेत असा. तिसरं माझं शब्दकोडं, जे अजून कुणी बघितलेलं नाही. यंदा ठरवलंय ते एकच, की ग्रुपच्या दोन्ही साइटी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी चालवता आल्या पाहिजेत. म्हणून 'चावी' नावाची एक फाईल सुरू केलीय, जे काम करेन त्याची ओळ तिच्यात जाणार. नवीन फीचर मागणाऱ्यांनी तोवर रागवायचं नाही.

तर भोंगा. छोटी स्क्रिप्ट आहे, रोज एकदा साइटला बाहेरून जोडणी करते, समोरून आलेल्या सर्टिफिकेटची शेवटची तारीख वाचते, २० दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर फोनवर नोटिफिकेशन. ही स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवलेली नाही, दुसऱ्या मशीनवर आहे, कारण सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप रिन्यू करणारा प्रोग्राम) फाईल नवीन आणतो पण वेब सर्व्हर रीलोड झाला नाही तर तो जुनंच सर्टिफिकेट वाटत राहतो, आणि सर्व्हरवरची फाईल तपासली तर सगळं छान दिसतं. लोकांना जे दिसतं तेच तपासायचं.

आणि हे पुढे जास्तच लागणार आहे. एप्रिलमध्ये सीए ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणारे आणि ब्राउझरवाले यांचा मंच) मत घेऊन ठरवलंय की सर्टिफिकेटची कमाल मुदत आत्ताच्या ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७. ज्यांच्याकडे अजून वर्षातून एकदा कुणीतरी हाताने फाईल चढवतं त्यांचं अवघड आहे.

२१ जून

पुस्तकवालीवरचे काका (नोंदणीचं सगळं तेच बघतात) गेले कित्येक दिवस म्हणत होते, "अगं, पुस्तक यादीत आहे, मला डोळ्यांनी दिसतंय, पण शोधलं की नाही म्हणते तुझी साइट." मी म्हटलं काका तुम्ही नेमकं काय टाइप करता ते मला कॉपी करून पाठवा. पाठवलं, आणि मग कळलं.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) स्वतंत्रपणे आलं ते ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ साली. त्याआधी आणि त्यानंतरही बरेच कीबोर्ड 'अ' वर चंद्राची मात्रा देऊन काम भागवतात. काही लोक तिसराच म्हणजे 'ऍ' वापरतात. तिन्ही दिसायला जवळपास सारखे, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) लावून हे सुटेल असं वाटतं पण सुटत नाही, कारण युनिकोड या तिघांना समान मानतच नाही.

दुसरं तसंच 'ऱ्य' चं. कुणाच्या कीबोर्डवरून ते 'ऱ' आणि हलन्त (पाय मोडायची खूण) असं येतं, कुणाच्या कीबोर्डवरून साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण, म्हणजे जोडक). मी आता शोधासाठी एक वेगळा कॉलम केलाय, मूळ नाव जसं टाइप केलं तसंच राहतं, हा कॉलम फक्त शोधायला. त्यात आधी एनएफसी, मग तिन्ही ॲ एकाच रूपात, मग 'र हलन्त झेडडब्ल्यूजे' चं 'ऱ हलन्त', आणि सगळ्यात शेवटी उरलेले न दिसणारे जोडक काढून टाकायचे. हा क्रम चावी फाईलमध्ये ठळक लिहिलाय. जोडक आधी काढले तर 'दऱ्या' चा 'दर्या' होतो आणि डोंगरातली माणसं समुद्रात जातात.

ऱ्हस्व-दीर्घावर मात्र वाद झाला. लोक घाईत कसंही टाइप करतात हे मान्य, पण सरसकट ि आणि ी एक केले की 'दिन' आणि 'दीन' एकत्र येतात. शेवटी असं केलं की आधी नेमकं जुळणारं दाखवायचं आणि त्याच्या खाली 'हे हवं होतं का' म्हणून सैल जुळणारं. काकांना सैलवालं वर हवं होतं. बघू.

२ जुलै

वरचं सगळं करूनही शोध वेड्यासारखा वागत होता. 'राजा' शोधलं की 'रोज' येतं, 'राज्य' येतं, 'राजू' तर येतोच. मला वाटलं माझा सैल शोध जास्तच सैल झाला की काय, पण तो बंद केला तरी तेच.

कारण एसक्यूलाइटच्या एफटीएस५ (मजकुरात शब्द शोधणारा भाग) मध्ये आहे. त्याचा युनिकोड६१ नावाचा टोकनायझर (मजकुराचे शब्द तोडणारा तुकडा) फक्त अक्षरं आणि आकडे यांना शब्दाचा भाग मानतो, आणि युनिकोडच्या वर्गवारीत आपल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त हे 'अक्षर' नाहीतच, ते 'चिन्ह' या गटात येतात. म्हणजे त्याच्या दृष्टीने काना हा स्वल्पविरामासारखा, तिथे शब्द तुटला. 'राजा' चे झाले 'र' आणि 'ज'. 'रोज' चे पण 'र' आणि 'ज'. जुळलं!

उपाय एका ओळीचा आहे, टेबल बनवताना टोकनायझरला कॅटेगरीज या पर्यायात एमएन आणि एमसी हे (चिन्हांचे) दोन गट जास्तीचे द्यायचे, आणि इंडेक्स परत बांधायचा. बांधला. राजा एकटा आला.

हेच दुखणं जिथे जिथे कुणी 'फक्त अक्षरं ठेवा, बाकी काढा' असं रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लिहितं तिथे असतं. तारेवालीवर लेखांचे पत्ते बनवणारं फंक्शन 'मराठी' चं 'मरठ' करतं, जुन्या सगळ्या लिंका तशाच आहेत. नवीन लेखांसाठी बदललं, जुन्यांना हात लावलेला नाही, कारण त्या लिंका लोकांनी कुठे कुठे चिकटवलेल्या असतात आणि सुंदर पत्त्यापेक्षा चालणारा पत्ता बरा. प्यू रिसर्चने २०२४ मध्ये दाखवलं होतं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नाहीत. त्यात आपली भर नको.

१३ जुलै

पाऊस, सुट्टी, शब्दकोडं. आज फक्त स्वतःचं काम.

शब्दकोडं बनवणारा प्रोग्राम लिहिणं हे इंग्रजीत सोपं प्रकरण आहे, एक अक्षर एक चौकोन. आपल्याकडे चौकोनात जातं ते अख्खं अक्षर, म्हणजे 'स्त्री' हा एकच चौकोन, आणि कॉम्प्युटरच्या लेखी त्यात सहा खुणा (स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी). मग म्हटलं यासाठी युनिकोडचे ग्राफीम क्लस्टर (माणसाला एक वाटणारं अक्षर म्हणजे किती खुणा, याचे नियम) आहेतच, ब्राउझरमध्ये त्याप्रमाणे तोडणारा इंटल सेगमेंटर आहे, फुकटात होऊन जाईल.

नाही झालं. लॅपटॉपवर 'क्षण' दोन चौकोनांत बसला आणि जुन्या टॅबवर तीन चौकोनांत. दोन्हीकडे तोच कोड. भानगड अशी आहे की सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पर्यंत क्लस्टरचे नियम हलन्तानंतर अक्षर तोडायचे, 'क्' वेगळा, 'ष' वेगळा. १५.१ मध्ये नवीन नियम आला आणि देवनागरीसकट काही लिप्यांची जोडाक्षरं एकत्र राहायला लागली. म्हणजे 'स्त्री' जुन्या ब्राउझरमध्ये तीन, नव्यात एक. कोडं खेळणाऱ्याचा ब्राउझर किती जुना यावर कोड्याचा आकार ठरायला लागला तर झालंच कल्याण.

म्हणून मोजायचं काम ब्राउझरकडून काढूनच घेतलं. कोडं बनतानाच माझ्या मशीनवर अक्षरं तोडायची, स्वतःचा नियम लिहून: व्यंजन, पुढे हवा तितक्या वेळा हलन्त आणि व्यंजन, मग मात्रा असेल तर मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग; नाहीतर सुटा स्वर. तोडलेली यादीच पानासोबत जाते, ब्राउझरने फक्त चौकोन काढायचे. 'अर्थात्' सारखे शेवटी पाय मोडलेले शब्द अजून नीट बसत नाहीत, ते यादीतूनच काढलेत सध्या.

खरी गंमत भरण्यात आहे. आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात तिथे अख्खं अक्षर सारखं लागतं, 'की' ला 'की' च हवी, 'का' चालत नाही. इंग्रजीत २६ पर्याय, आपल्याकडे बाराखडी गुणिले व्यंजनं आणि वर जोडाक्षरं, त्यामुळे जाळी इतकी घट्ट विणता येत नाही, काळे चौकोन जास्त येतात. प्रोग्राम तासन्‌तास अडकायचा. मग शब्दांना वजन दिलं, ज्या शब्दात 'र', 'का', 'न', 'ल', 'ता' अशी सगळीकडे सापडणारी अक्षरं आहेत ते आधी लावायचे आणि जोडाक्षरं शक्यतो अशा जागी टाकायची जिथे छेद नाही. आता पटकन भरतो. तरी त्याला 'कारकून' फारच आवडतो, प्रत्येक कोड्यात येतो.

२७ जुलै

तारेवाली दोन दिवस रडत होती. लॉग उघडला तर कोणीतरी आमच्या कार्यक्रमांचं कॅलेंडर मन लावून वाचतंय, आणि वाचत वाचत चोविसाव्या शतकात पोहोचलंय.

कॅलेंडरवर 'पुढचा महिना' अशी लिंक आहे. त्या पानावर परत 'पुढचा महिना'. माणूस दोन-तीनदा दाबतो आणि थांबतो, बॉट (पानं आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम) थांबत नाही. पूर्वी एखादा सर्च इंजिनचा बॉट यायचा, हळू हळू यायचा, रोबोट्स डॉट टीएक्सटी (साइटवरचं काय वाचू नये हे बॉटना सांगणारी फाईल) वाचायचा. आता जे येतात ते स्वतःला साधा ब्राउझर म्हणवतात, प्रत्येक विनंती वेगळ्या आयपीवरून, त्यामुळे एकेकाला अडवून काही होत नाही. रोबोट्सची फाईल ही मुळातच भलेपणावर चालणारी गोष्ट, १९९४ पासूनची रीत, तिचा आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) व्हायला २०२२ उजाडलं, आणि त्यातही ती पाळणं हे समोरच्याच्या मर्जीवर.

काय केलं: आजपासून दोन वर्षं पुढे आणि साइट सुरू झाली त्याच्या मागे कुठलाही महिना मागितला तर सरळ ४०४ ('पान सापडलं नाही'). रिकाम्या महिन्याचं पान डेटाबेसला न विचारता कॅशमधून (आधीच बनवून ठेवलेली प्रत). एवढ्यानेच बहुतेक भार उतरला. आधी येणाऱ्याच्या ब्राउझरला गणितं सोडवायला लावून बॉट अडवणारी ती चाळणी, अनुबिस, लावायची असं डोक्यात होतं, ग्रुपवर एकाने सुचवली पण होती, पण आमच्याकडे बरेच लोक रात्री माळावर कमी रेंजमध्ये जुना फोन घेऊन उभे असतात, त्यांच्या फोनला गणितं घालायची इच्छा होईना. आधी स्वतःच्या घरातला खड्डा बुजवावा, मग पहारेकरी ठेवावा.

१७ ऑगस्ट

डेबियन १३ (आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सची नवी आवृत्ती) आलं ९ तारखेला. घाई नाही. पहिली डागडुजीची आवृत्ती येऊ दे.

ओसीएसपी (सर्टिफिकेट रद्द तर झालेलं नाही ना, हे विचारायची सोय) पण ६ ऑगस्टला लेट्स एन्क्रिप्टने बंद केलं, त्यामुळे एन्जिनएक्स (आमचा वेब सर्व्हर) सुरू होताना स्टेपलिंगची (तेच उत्तर साइटने स्वतः सोबत द्यायचं) वॉर्निंग द्यायला लागलं. ती ओळ काढली. चावीत लिहिलं.

१४ सप्टेंबर

डेबियन १३.१ आलं, तारेवाली काल रात्री त्यावर चढवली. आधी कॉपीवर, मग खऱ्यावर. यावेळी सोबत ग्रुपमधला एक कॉलेजचा मुलगा होता, चावी फाईलमधल्या ओळी तो वाचणार आणि कमांड तोच देणार, मी हात मागे बांधून बसणार असं ठरलं होतं. फार कठीण असतं हो हात मागे बांधणं.

पीएचपी ८.२ वरून ८.४ वर गेलं. स्ट्रएफटाइम (तारीख शब्दांत लिहिणारं फंक्शन) तर ८.१ पासूनच 'वापरू नका' यादीत होतं, महिन्यांची मराठी नावं त्यातूनच यायची, आता इंटलचा डेट फॉरमॅटर लावला. फंक्शनमध्ये नल (रिकामी किंमत) चालेल असं न सांगता डीफॉल्ट नल ठेवलेली बरीच ठिकाणं ८.४ ला आवडत नाहीत, सगळी प्रश्नचिन्ह लावून दुरुस्त. लॉगिन किंचित हळू वाटेल, कारण ८.४ मध्ये बीक्रिप्टची (पासवर्ड उलगडता येणार नाही अशा रूपात साठवायची पद्धत) डीफॉल्ट मेहनत १० वरून १२ केलीय, ते मुद्दामच आहे, तक्रार करू नये. (जाता जाता: बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतो आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, म्हणजे मराठीत लांबलचक पासवर्ड ठेवणाऱ्यांचा २४ खुणांनंतरचा मजकूर शोभेचा.)

खरा घोळ सकाळी झाला. फोटो चढवताना साइट अडायला लागली, मेमरी संपतेय. आम्ही पीएचपीत शोधत बसलो आणि कारण निघालं खाली, डेबियन १३ मध्ये टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर आता डीफॉल्टने मेमरीत असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतं. लोक चंद्राचे मोठाले फोटो चढवतात, त्यांचं लहान रूप करणारा प्रोग्राम सगळं टीएमपीत टाकतो, आणि आमचा सर्व्हर म्हणजे रॅमच्या बाबतीत गरीबच. रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तिथेच परत डिस्कवर कसं न्यायचं तेही आहे, टीएमपीचं माउंट मास्क करायचं आणि रीबूट. पण आम्ही तसं न करता फोटोंसाठी वेगळं फोल्डरच दिलं, बाकी टीएमपी मेमरीत राहिलेलं चांगलंच आहे. हे मुलाने सुचवलं. चावीत ती ओळ त्याने लिहिली, त्याची पहिली.

२८ सप्टेंबर

तारेवालीवरचे २००९ च्या आसपासचे निरीक्षणांचे लेख. उघडले की सगळीकडे टोपी घातलेली आणि शेपूट असलेली लॅटिन अक्षरं. लोकांना वाटतं फॉन्ट गेला. फॉन्ट नाही गेला, मजकूर आत आहे.

तेव्हा डेटाबेसशी होणारी जोडणी लॅटिन१ (पश्चिम युरोपीय अक्षरांपुरती जुनी पद्धत) ठेवलेली होती आणि पान यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) चं. म्हणजे 'म' चे तीन बाइट यायचे आणि डेटाबेस समजायचा की ही तीन लॅटिन अक्षरं आहेत, तशीच ठेवायचा, देताना तशीच परत द्यायचा, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं छान दिसलं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. मध्ये कुणीतरी जोडणी यूटीएफ-८ केली आणि झाकण उडालं. ओळखायची खूण सोपी, देवनागरीचं जवळपास प्रत्येक अक्षर एकाच दोन-तीन लॅटिन चेहऱ्यांनी सुरू होतं, कारण अख्ख्या देवनागरीचा पहिला बाइट एकच आहे आणि दुसऱ्यात दोनच पर्याय.

इलाज असा की कॉलम आधी बायनरी करायचा, म्हणजे डेटाबेस त्याचा अर्थ लावायचं सोडतो, आणि मग यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८). थेट लॅटिन१ वरून एमबी४ केलं तर तो बिचारा प्रामाणिकपणे लॅटिन अक्षरांचं भाषांतर करून घोळ पक्का करतो. आणि एमबी४ च, नुसतं यूटीएफ८ नाही, ते मायएसक्यूएलवाल्यांचं तीन बाइटचं जुनं रूप, त्यात इमोजी बसत नाही. आमच्या काही सूचना 'सगळ्यांनी वेळेवर यावे' नंतर तुटलेल्या आहेत, पुढे बहुतेक हसरा चेहरा होता आणि त्याच्या मागचा सगळा मजकूर, जमायची जागा वगैरे, तेव्हाच गळाला. तो मात्र कुठूनच परत येणार नाही.

त्याहून जुने काही लेख तर युनिकोडच नाहीत, जुन्या फॉन्टमधले आहेत, तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे दिसतं त्या क्रमाने. युनिकोडला दोन्ही उलटे लागतात. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, बदलल्यावर वेलांटी एक अक्षर पुढे सरकवायची, आणि ते 'अक्षर' म्हणजे जोडाक्षर धरून. इथे शब्दकोड्यासाठी लिहिलेला तोडायचा नियम जसाच्या तसा कामी आला, फार बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर

मेल. पुस्तकवालीची 'तुमचं पुस्तक अमुक यांनी मागितलंय' ही मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाते. मग पुस्तक मागणारा वाट बघतो, देणाऱ्याला पत्ताच नाही, आणि दोघंही एकमेकांवर रुसतात.

फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या मेलवाल्यांनी नियम कडक केलेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या सोयी) तिन्ही आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय सक्तीची, आमच्यासारख्या छोट्यांना निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम. आमच्याकडे एसपीएफ होतं की! फक्त त्यात आजवर वापरून सोडून दिलेल्या सगळ्या सेवा 'इन्क्लूड' होत्या, आणि एसपीएफ तपासताना डीएनएसला (डोमेनची माहिती देणारी यंत्रणा) दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं तर तपासणीच फेल धरतात. साफ केलं, डीकेआयएम लावलं, डीमार्क आधी नुसतं बघ्याच्या भूमिकेत, रिपोर्ट नीट दिसले की क्वारंटाइन (न पटणारी मेल स्पॅममध्ये). बाहेर पडायची लिंक पण घातली, सक्ती नसली तरी, कारण ती नसली की कंटाळलेला माणूस 'स्पॅम' दाबतो आणि त्याचा भुर्दंड सगळ्यांना.

२ नोव्हेंबर

चावी फाईलमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान आज लिहिलं आणि त्यात एकही कमांड नाही.

तारेवालीचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? कुणालाच माहीत नव्हतं. पैसे दरवेळी भरले जात होते एवढं खरं. शोधत गेलो तर निघालं की खातं फार पूर्वीच्या एका स्वयंसेवकाने उघडलंय, आता संपर्कात नाहीत, आणि खात्यावर दिलेला ईमेल आहे तारेवालीच्याच डोमेनवरचा. म्हणजे डोमेन संपलं तर त्या डोमेनवरची मेल बंद, आणि पासवर्ड बदलायची मेल तिथेच जाणार. कुलूप लावून चावी आतच.

जोवर डोमेन जिवंत आहे तोवर हे सुटतं, म्हणून आजच सोडवलं. तो पत्ता आमच्याच मेल सर्व्हरवर परत उघडला, पासवर्ड बदलला, खात्याचा ईमेल बाहेरच्या सेवेवरचा केला, जो तिघांना वाचता येतो. टू-फॅक्टरचे राखीव कोड छापून दोघांकडे. कार्ड एकाचं असू दे, पण संपायची तारीख ग्रुपच्या कॅलेंडरमध्ये. डॉट ऑर्गसारख्या डोमेनला संपल्यावर थोडी सवलत मिळते, मग रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवणारी कंपनी) काढून टाकल्यावर ३० दिवसांची सोडवून घ्यायची मुदत (महागात), मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग जो पहिला पकडेल त्याचं. ही साखळी लोकांना वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदा मीटिंगमध्ये सगळे गप्प झाले. टीएमपी आणि टोकनायझर सांगताना जांभया देत होते.

माझ्या मते छोट्या साइटी हॅक होऊन मरतात त्यापेक्षा अशा मरतात. कोड ठीक असतो, सर्व्हर ठीक असतो, एक माणूस नोकरीत बिझी होतो, कार्डाची तारीख संपते.

२३ नोव्हेंबर

बॅकअप परत आणायची रंगीत तालीम. नियम: मुलगा आणि काका दोघांनीच करायचं, मी फोनवर पण नाही. कोरा सर्व्हर, चावी फाईल आणि बॅकअपचा डबा, बस.

ग्रुपला हे कशाला हे पटवायला गिटलॅबची (लोकांचे कोड सांभाळणारी सेवा) गोष्ट सांगितली होती. ३१ जानेवारी २०१७, रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही वेळेला नीट कामी आली नाही. डेटाबेसचा डंप आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीपासून फेलच होत होता, आणि तो फेल होतोय हे सांगणाऱ्या मेल डीमार्कच्या नियमात बसत नसल्यामुळे नाकारल्या जात होत्या. वाचले ते सहा तास आधी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे. त्यांनी ते सगळं जाहीरपणे लिहिलं, दुरुस्ती चालू असताना लाइव्ह दाखवली, याबद्दल मला त्या लोकांचं फार कौतुक आहे.

तर आमची तालीम. तारेवाली उभी राहिली, फोटोंसकट. पुस्तकवाली उभी राहिली पण डेटाबेस 'फाईल खराब आहे' म्हणाला. एसक्यूलाइट म्हणजे एकच फाईल, मग रात्री ती कॉपी करायची, असं साधं काम पूर्वीपासून लावलेलं होतं, आणि नेमकं कॉपी होताना कुणी पुस्तक नोंदवत असेल तर निम्मं जुनं निम्मं नवं येतं, वर डब्ल्यूएएलची जोडीची फाईल (ताजे बदल आधी जिच्यात लिहिले जातात) मागेच राहते. मुलाने आदल्या दिवशीची कॉपी लावली, ती चालली. संध्याकाळी बदललं, आता एसक्यूलाइटची व्हॅक्यूम इन्टू ही कमांड वापरतो, त्याने चालू डेटाबेसची एका क्षणाची पूर्ण प्रत मिळते, आणि प्रत झाली की तिच्यावर लगेच इंटेग्रिटी चेक (फाईल धड आहे का ही तपासणी), चेक पास झाला तरच बॅकअप म्हणायचं.

काकांचा शेरा: "चावीत लिहिलंय 'नेहमीप्रमाणे सर्व्हिस सुरू करा'. नेहमी तू करतेस, आम्हाला काय ठाऊक नेहमी काय ते." बरोबर आहे. 'नेहमीप्रमाणे', 'योग्य त्या', 'आवश्यक असल्यास' हे सगळे शब्द शोधून काढले, प्रत्येक जागी खरी कमांड घातली. बरेच होते.

१४ डिसेंबर

शब्दकोडं वर चढवलं. नुसत्या फाइली आहेत, डेटाबेस नाही, लॉगिन नाही, कुठलंही बाहेरचं पॅकेज नाही. आठवड्याला एक कोडं माझ्या मशीनवर बनतं आणि वर जातं, मी कंटाळले तर जुनी कोडी तशीच पडून राहतील, काही बिघडणार नाही. स्वतःच्या प्रकल्पांना मी आता हाच नियम लावते. ग्रुपच्या साइटीला माणसं लागतात, माझ्या खेळण्याला कुणी लागू नये.

पहिली तक्रार आली: "प्रत्येक कोड्यात कारकून का असतो?"

११ जानेवारी २०२६

लेट्स एन्क्रिप्टने पण सांगून टाकलंय, २०२८ पर्यंत त्यांची नेहमीची सर्टिफिकेटं ४५ दिवसांवर येणार. आमच्या भोंग्यात '२० दिवस' असा आकडा लिहिलेला आहे, ४५ मधले २० म्हणजे उगाच बोंब. मुलाने तो मुदतीच्या तिसऱ्या हिश्शावर केला. मला विचारलं नाही, चावीत लिहिलं आणि मला दुसऱ्या दिवशी वाचून कळलं. हेच तर हवं होतं, तरी जरा खटकलं, ते माझं मी बघेन.

खटकण्यासारखं आणखी एक. त्याला दोन्ही साइटी कंटेनरमध्ये (साइट आणि तिला लागणारं सगळं एकाच डब्यात बांधायची पद्धत) न्यायच्या आहेत, म्हणजे म्हणे कोरा सर्व्हर उभा करायला पाच मिनिटं लागतील. मी म्हटलं अरे पण मग काकांना सर्व्हरसोबत कंटेनर पण समजून घ्यावा लागेल, आत्ता निदान फाईल उघडली की फाईल दिसते. तो म्हणतो, "ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, दुसऱ्या कुणालाही चालवता आली पाहिजे. माझ्यानंतर जो येईल त्याला कंटेनरच येत असणार." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, फक्त मत आहे. पुस्तकवालीची कॉपी त्याने तशी चालवून दाखवायची आणि पुढची तालीम काकांनी एकट्याने त्या कॉपीवर करायची, असं ठरलंय. काकांना विचारलं तर ते म्हणाले करेन की, पण आधी ते सैल शोधाचं वर आणा.

आणलं वर. 'दिन' शोधलं की 'दीन' पण पहिल्याच पानावर येतो आता.